धातूची कॅप दातावर किती नेमकी बसते: कडेच्या फटीवरून केलेले परीक्षण

दातावर कॅप बसवायची म्हटले की पहिला प्रश्न तिच्या रंगाचा असतो आणि दुसरा ती किती वर्षे टिकेल याचा. ती दातावर किती नेमकी बसेल, हे सहसा कोणी विचारत नाही. माझ्या मते सर्वांत आधी तेच विचारायला हवे. संपूर्ण धातूची कॅप जवळजवळ तुटतच नाही. ती निकामी होते ती कडेखालच्या दाताला कीड लागल्यामुळे किंवा आतले सिमेंट सुटून ती सैल झाल्यामुळे, आणि या दोन्ही गोष्टींचे मूळ शोधत गेले की अनेकदा आपण न जुळलेल्या कडेपाशी येऊन थांबतो. म्हणून या परीक्षणात मी धातूच्या कॅपकडे फक्त बसणीच्या अंगाने पाहणार आहे. दंतचिकित्सेत तिचे चार प्रकार प्रामुख्याने आढळतात: सोन्याच्या मिश्रधातूची ओतीव कॅप, निकेल-क्रोमियम किंवा कोबाल्ट-क्रोमियमची ओतीव कॅप, संगणकावर आरेखन करून लेझरने किंवा यंत्राने घडवलेली कॅप, आणि लहान मुलांच्या दुधाच्या दाढांवर बसवायची तयार स्टीलची कॅप. या चौघींना एकच फूटपट्टी लावता येत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. विशेषतः शेवटच्या प्रकाराचा न्याय वेगळा आहे.

बसणी म्हणजे काय, हे आधी नीट ठरवले पाहिजे. कॅपची आतली बाजू आणि तासलेला दात यांच्यामध्ये सिमेंटपुरती जागा राहतेच, आणि ती राहायलाही हवी. प्रश्न उरतो तो कडेचा, म्हणजे जिथे धातू संपतो आणि दात सुरू होतो त्या रेषेचा. मॅक्लीन आणि फॉन फ्राउनहोफर यांनी १९७१ मध्ये, पाच वर्षांच्या काळात पाहिलेल्या हजाराहून अधिक कॅप व तत्सम कामांच्या आधारे, कडेची फट १२० मायक्रॉनपर्यंत (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असेल तर ती चालवून घेता येते असे मांडले. तो आकडा आजही जवळजवळ प्रत्येक शोधनिबंधात उद्धृत होतो. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा धरला, तर ही मर्यादा दोन केसांच्याही आत येते. तरीही मला ती उदार वाटते. झिंक फॉस्फेटसारख्या सिमेंटचा थर २५ मायक्रॉनपर्यंत पातळ होऊ शकला पाहिजे अशी मानकांची अपेक्षा आहे, आणि तोंडातले जिवाणू तर साधारण एका मायक्रॉनच्या मापाचे. म्हणजे शंभर मायक्रॉनची फट आपल्या डोळ्यांना दिसली नाही, तरी जिवाणूंना ती पुरून उरते. फट रुंद असेल तितके सिमेंट लाळेला अधिक उघडे पडते, ते हळूहळू झिजते किंवा विरघळते, आणि त्या जागी तयार झालेल्या कपारीत टूथब्रशचा केस पोहोचत नाही.

याहून विचार करायला लावणारे निरीक्षण ख्रिस्तेन्सन यांनी १९६६ मध्ये नोंदवले. सोन्याच्या इनलेच्या, म्हणजे दाताच्या खळग्यात बसवायच्या ओतीव तुकड्याच्या, कडा अनुभवी दंतवैद्यांनी तपासल्या, तेव्हा डोळ्यांना दिसणाऱ्या भागात त्यांनी स्वीकारलेल्या कडांची फट २ ते ५१ मायक्रॉन होती, तर हिरडीखाली दडलेल्या भागात ती ३४ ते ११९ मायक्रॉनपर्यंत गेलेली होती. जिथे डोळा पोहोचतो तिथे हात कठोर होतो आणि जिथे फक्त तपासणीच्या टोकदार सळईवर भिस्त ठेवावी लागते तिथे तोच हात सैल पडतो, असा याचा अर्थ मी घेतो. कॅपची कड हिरडीच्या वर ठेवता येत असेल तर ती तिथेच ठेवावी, असे माझे ठाम मत आहे, आणि त्याचे हे एक महत्त्वाचे कारण आहे. दिसणारी कड तपासता येते, घासता येते आणि पुढे वर्षानुवर्षे नजरेखाली ठेवता येते. धातूच्या कॅपला ही मोकळीक सहज मिळते, कारण ती बहुधा मागच्या दाढेवर बसते आणि तिथे कड झाकण्याचा हट्ट धरावा लागत नाही.

फट हा बसणीचा एकच भाग झाला. कड दाताच्या बाहेर डोकावते का, की दातापेक्षा आखूड पडते, हेही तितकेच महत्त्वाचे असते. होम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये या चुकांची पद्धतशीर वर्गवारी केली, तेव्हापासून फट आणि बाहेर आलेली कड यांचा एकत्रित हिशेब मांडता येऊ लागला. एखाद्या कॅपची फट तीस मायक्रॉनच असेल, पण तिची कड दाताच्या पृष्ठभागाबाहेर अर्धा मिलिमीटर आली असेल, तर ती कॅप चांगली बसली आहे असे मी म्हणणार नाही. अशा छज्ज्याखाली प्लाक (जिवाणूंचा चिकट थर) साचतो, हिरडी लाल होते, ब्रश करताना रक्त येते आणि रुग्णाला वाटते की धातूच आपल्याला सोसत नाही. निकेलची खरी ॲलर्जी असणारी माणसे असतात आणि त्यांची चौकशी आधीच करायला हवी. पण एकाच कॅपभोवतीची हिरडी सुजली असेल तर मी आधी कड तपासतो, धातूवर ठपका त्यानंतर.

सोन्याच्या मिश्रधातूची ओतीव कॅप बसणीच्या बाबतीत आजही माझ्या यादीत सर्वांत वर आहे. मेणाचा नमुना घडवायचा, तो विशिष्ट मिश्रणात पुरून साचा करायचा, उष्णतेने मेण जाळून टाकायचे आणि त्या पोकळीत वितळलेला धातू ओतायचा, ही मेण घालवून ओतकाम करण्याची पद्धत टॅगार्ट यांनी १९०७ मध्ये दंतचिकित्सेपुढे ठेवली. मूळ कल्पना मूर्तिकारांना हजारो वर्षे ठाऊक होती. पण मूर्ती थोडी लहान निघाली तर काही बिघडत नाही आणि कॅप लहान निघाली तर ती दातावर बसतच नाही. इथेच या कामाची खरी अडचण आहे. सोन्याचा मिश्रधातू थिजताना लांबीत साधारण दीड टक्का आकुंचन पावतो. दहा मिलिमीटर रुंदीच्या दाढेवर हा फरक दीडशे मायक्रॉन, म्हणजे प्रत्येक बाजूला पंच्याहत्तर मायक्रॉन होतो.

पंच्याहत्तर मायक्रॉन ऐकायला किरकोळ वाटतात, पण दाताच्या उभ्या भिंतींची भूमिती ध्यानात घेतली की चित्र बदलते. तासलेल्या दाताच्या समोरासमोरच्या भिंती एकमेकींकडे मिळून सहा अंशांनी झुकलेल्या असाव्यात, असे पाठ्यपुस्तकी आदर्श सांगतो. म्हणजे प्रत्येक भिंत तीन अंशांनी कललेली. इतक्या उभ्या भिंतीवर कॅप बाजूने जेवढी अरुंद, त्याच्या सुमारे एकोणीस पट ती वर अडकते. पंच्याहत्तर मायक्रॉनची कमतरता तिला कडेपासून जवळजवळ दीड मिलिमीटर वर थांबवील. म्हणून साचा आधीच तेवढा मोठा व्हावा लागतो: मिश्रण घट्ट होताना थोडे प्रसरण पावते, तापवल्यावर आणखी पावते, आणि ही दोन्ही प्रसरणे मिळून धातूच्या आकुंचनाची भरपाई करतात. पावडर आणि द्रव यांचे प्रमाण, भट्टीचे तापमान, साचा भट्टीत किती वेळ राहिला, यांतले काहीही हलले की हिशेब चुकतो. असे असूनही सोन्याच्या मिश्रधातूत निष्णात तंत्रज्ञ हा हिशेब पुन्हा पुन्हा जुळवतो, कारण हे मिश्रधातू साधारण हजार अंश सेल्सिअसच्या आसपासच वितळतात, त्यांना जिप्समवर आधारित मिश्रण पुरते आणि त्या मिश्रणाचे वागणे गेल्या शतकभरात चांगलेच समजून घेतलेले आहे.

सोन्याचा दुसरा गुण असा, की ते पातळ कडेला दाबून दाताशी भिडवता येते. गुळगुळीत अवजार कडेवरून दाबत फिरवले की मऊ मिश्रधातूची कड किंचित ओढली जाऊन फट आणखी अरुंद होते. या सोयीच्या भरवशावर मुळातली चूक झाकू नये, एवढे पथ्य पाळले पाहिजे. उघडी राहिलेली कड दाबून मिटवलेली कॅप वरून चांगली दिसते आणि आत सिमेंटचा जाड थर तसाच राहतो. परंतु मूळची बसणी चांगली असेल, तर शेवटचे काही मायक्रॉन कमी करण्याची मुभा सोन्याइतकी दुसरा कोणताही धातू देत नाही. शिवाय ते समोरच्या दाताला घासून खात नाही, कारण त्याची कठिणता इनॅमलपेक्षा, म्हणजे दाताच्या बाहेरच्या कठीण थरापेक्षा, कमी असते.

निकेल-क्रोमियम आणि कोबाल्ट-क्रोमियमच्या ओतीव कॅप जगभर अधिक वापरल्या जातात, आणि त्यांना केवळ स्वस्त पर्याय म्हणून हिणवणे अन्यायाचे आहे. त्या इतक्या ताठ असतात की पातळ असूनही वाकत नाहीत. कोबाल्ट-क्रोमियमचा ताठपणा सोन्याच्या मिश्रधातूच्या दुपटीहून अधिक भरतो. बसणीच्या बाबतीत मात्र त्यांच्याकडून काम करून घेणे अवघड आहे. त्यांचे आकुंचन दोन टक्क्यांहून अधिक असते, त्या बाराशे ते चौदाशे अंशांना वितळतात, त्यामुळे जिप्समचे मिश्रण चालत नाही आणि फॉस्फेटवर आधारित मिश्रण वापरावे लागते, ज्याचे प्रसरण द्रवाच्या तीव्रतेप्रमाणे बदलते. धातूच्या आतल्या बाजूवर हवेच्या बुडबुड्यांमुळे उमटलेले सूक्ष्म कणही इथे जास्त त्रास देतात, कारण धातू कठीण असल्याने तो एक कण काढायलाही बर (घासण्याचे फिरते टोक) पुष्कळ वेळ चालवावा लागतो आणि नको तिथला धातू निघून जाण्याचा धोका राहतो. कड दाबून जुळवण्याचा प्रश्नच येत नाही; जशी आली तशीच ती राहते. काळजीपूर्वक केलेली अशी कॅप स्वीकारार्ह मर्यादेच्या बरीच आत बसते, यात शंका नाही. पण सरासरी कामात तिच्यातला चढउतार सोन्यापेक्षा जास्त आढळतो, आणि चांगली की वाईट हे जवळजवळ पूर्णपणे लॅबमधल्या शिस्तीवर ठरते.

तिसरा प्रकार या शिस्तीचा भार यंत्रावर टाकू पाहतो. दाताचे किंवा त्याच्या प्लास्टरच्या प्रतिकृतीचे स्कॅनिंग होते, संगणकावर कॅपचे आरेखन होते, आणि मग ती दोनांपैकी एका मार्गाने घडते: धातूच्या ठोकळ्यातून कोरून, किंवा कोबाल्ट-क्रोमियमच्या बारीक भुकटीचे साधारण २० ते ५० मायक्रॉनचे थर एकावर एक लेझरने वितळवत. मेण, साचा आणि ओतकाम ही तिन्ही पायऱ्या गळतात, आणि त्यांच्यासोबत त्यांच्यातले मानवी चढउतारही. एकाच लॅबमधून एकामागून एक आलेल्या कॅप सारख्याच बसतात, हा अनुभव ओतकामात सहज मिळत नाही आणि इथे मिळतो. या प्रकाराचे सर्वांत मोठे बलस्थान मला हेच वाटते.

तरी यंत्राच्या स्वतःच्या मर्यादा आहेत. कोरणाऱ्या हत्याराच्या टोकाला ठरावीक जाडी असते, आणि तासलेल्या दाताचा एखादा कंगोरा त्या टोकापेक्षा धारदार असेल तर यंत्र त्या जागी आतून गरजेपेक्षा जास्त धातू काढते. परिणामी कॅप बसते, पण आत एक पोकळी राहते आणि पकड तेवढी कमी होते. म्हणून अशा कॅपसाठी दाताचे कंगोरे आधीच गोलावून घ्यावे लागतात. लेझरने घडवलेल्या कॅपचा पृष्ठभाग थरांमुळे खडबडीत असतो. आतल्या बाजूस त्याचा सिमेंटला उपयोगच होतो, पण कडेवर तो नीट साफ केला नाही तर अडथळा ठरतो. सिमेंटसाठी किती जागा सोडायची, हा आकडा तंत्रज्ञ सॉफ्टवेअरमध्ये भरतो. तो फार लहान भरला तर कॅप वर अडकते, फार मोठा भरला तर ती सहज बसते आणि तितक्याच सहज हलते. सहज बसणाऱ्या कॅपचे कौतुक करण्याआधी ती सैल नाही ना, हे पाहणे म्हणूनच आवश्यक आहे.

सिमेंटच्या या जागेबद्दल थोडे अधिक लिहिले पाहिजे, कारण नेमकी बसणी म्हणजे घट्ट बसणी, हा समज रुग्णांपुरताच मर्यादित नाही. वर मांडलेली भूमिती इथेही लागू होते. भिंतीशी शून्य अंतर ठेवून घडवलेल्या कॅपमध्ये सिमेंट भरले आणि त्या सिमेंटचा पंचवीस मायक्रॉनचा थर भिंतींवर उरला, तर कॅप जवळजवळ अर्धा मिलिमीटर वर थांबेल. कोरडी असताना कडेपर्यंत पोहोचलेली कॅप सिमेंट भरल्यावर पोहोचत नाही, याचे हे साधे स्पष्टीकरण आहे. म्हणून ओतीव कॅपसाठी दाताच्या प्रतिकृतीवर स्पेसर नावाच्या रंगाचे थर देऊन साधारण २५ ते ४० मायक्रॉनची जागा राखतात, आणि कडेजवळचा अर्धा ते एक मिलिमीटरचा पट्टा मुद्दाम कोरा ठेवतात. आत मोकळी आणि कडेला नेमकी, अशी कॅप खरी चांगली बसते. सिमेंटही काठोकाठ भरायचे नसते. आतल्या भिंतींना पातळ लेप पुरतो. जास्तीचे सिमेंट बाहेर पडायला वाट न मिळाल्यास तेच कॅपला उचलून धरते.

धातूची कॅप चिनी मातीच्या किंवा झिरकोनियाच्या कॅपपेक्षा कडेला चांगली बसण्याची शक्यता का जास्त असते, याची उत्तरे या साऱ्यात विखुरलेली आहेत. झिरकोनियाची कॅप भट्टीत पक्की होताना वीस टक्क्यांहून अधिक आकुंचन पावते आणि तेवढी मोठी कोरून घ्यावी लागते. आजची यंत्रे ही भरपाई उत्तम करतात, हे मान्य केलेच पाहिजे. धातूवर चिनी मातीचा थर चढवलेल्या कॅपला नऊशे अंशांच्या आसपासच्या भट्टीत अनेकदा जावे लागते आणि त्यात पातळ कड वाकू शकते. संपूर्ण धातूची कॅप या फेऱ्यांतून जातच नाही. शिवाय धातूला कडेपाशी अर्धा मिलिमीटर जाडी पुरते आणि चावण्याच्या पृष्ठभागावर एक ते दीड मिलिमीटर. त्यामुळे दात कमी तासावा लागतो, भिंतींची उंची जास्त उरते आणि कॅपला धरायला अधिक दात मिळतो. दाढेची उरलेली उंची चार मिलिमीटरच्या खाली गेली की पकड झपाट्याने कमी होते. ठेंगण्या दाढेसाठी मी धातूकडे आधी पाहतो, ते याच कारणाने.

एवढे सगळे धातूबद्दल लिहूनही सांगितले पाहिजे, की वाईट बसलेल्या कॅपचे खापर बहुधा धातूवर फोडता येत नाही. लॅबपर्यंत पोहोचलेल्या मापात, म्हणजे दाताच्या ठशात, कडेची रेषाच अस्पष्ट असेल, तर तंत्रज्ञ ती अंदाजाने आखतो, आणि अंदाजाने आखलेल्या रेषेवर कोणतेही यंत्र किंवा कोणतेही सोने नेमके बसू शकत नाही. माप घेताना कड हिरडीखाली असेल तर हिरडी आणि दात यांच्यामध्ये बारीक दोरा घालून हिरडी बाजूला करावी लागते, रक्त आणि लाळ थांबवावी लागते, आणि मगच सिलिकोन किंवा पॉलिइथर हे माप घेण्याचे साहित्य भरावे लागते. अल्जिनेट या दुसऱ्या साहित्याचे माप विरुद्ध बाजूच्या जबड्यासाठी ठीक आहे. कॅपच्या कडेसाठी ते पुरेसे नाही. तोंडात थेट स्कॅनर फिरवला तरी हा नियम शिथिल होत नाही, कारण रक्ताखालची कड कॅमेऱ्याला दिसत नाही. माप घेतल्यावर दंतवैद्य ते उजेडात धरून काळजीपूर्वक न्याहाळत असेल आणि पसंत न पडल्याने पुन्हा घेत असेल, तर रुग्णाने कंटाळू नये. या एका पायरीवर घालवलेली मिनिटे पुढची सर्वांत मोठी बचत करतात.

कड किती खाली न्यायची यालाही शरीराने मर्यादा घातली आहे. हिरडी दाताला जिथे चिकटते ती पट्टी, गार्जुलो आणि सहकाऱ्यांच्या १९६१ मधील मोजमापांप्रमाणे, सरासरी दोन मिलिमीटरच्या आसपास असते. कॅपची कड त्या पट्टीत घुसली तर ती कितीही नेमकी बसलेली असो, हिरडी कायम सुजलेली राहते किंवा हाड मागे सरते.

कॅप तोंडात प्रथम बसवून पाहण्याचा टप्पा हाच प्रत्यक्ष परीक्षेचा टप्पा आहे, आणि तिथला क्रम चुकला की निष्कर्षही चुकतो. आधी शेजारच्या दातांशी होणारा स्पर्श पाहायचा, कारण तो घट्ट असेल तर कॅप खालपर्यंत जातच नाही आणि दोष कडेचा असल्यासारखा भासतो. फ्लॉस (दातांमधून फिरवायचा दोरा) थोड्या प्रतिकारासह आत जाऊन न फाटता बाहेर आला पाहिजे. त्यानंतर आतली बसणी: पातळ सिलिकोन कॅपमध्ये भरून ती दाबली की जिथे धातू दाताला टेकतो तिथे सिलिकोनचा थर फाटतो, आणि तो ठिपका हलक्या हाताने काढता येतो. मग कड. तपासणीची टोकदार सळई दाताकडून कॅपकडे नेताना अडखळली तर कड बाहेर आली आहे. कॅपकडून दाताकडे येताना अडखळली तर कड आखूड आहे. दोन्हीकडून अडखळली तर फट उघडी आहे. सर्वांत शेवटी चावा, आणि तोही कॅप पूर्ण खाली बसल्याची खात्री झाल्यावरच. कारण अडकलेली कॅप उंच लागते आणि ती उंची वरून घासून काढली, तर चावा जुळल्यासारखा वाटतो आणि कड कायमची उघडी राहते. असे झाले की वरचा धातू नाहक पातळ होतो आणि दोष जिथे होता तिथेच राहतो.

चाव्याची तपासणी रंगीत कागदाने आणि ८ ते १२ मायक्रॉन जाडीच्या धातूच्या पट्टीने होते. ती पट्टी शेजारच्या दातांत जशी धरली जाते तशीच कॅपखालीही धरली जायला हवी. दातांना साधारण वीस मायक्रॉनएवढा कणही जाणवू शकतो. म्हणून ‘होईल सवय’ असे म्हणून रुग्णाची तक्रार बाजूला सारणे योग्य नाही. भूल दिलेली असेल तर रुग्णाला नीट सांगता येत नाही, हे ध्यानात घेऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारावे.

लहान मुलांच्या तयार स्टीलच्या कॅपकडे वळताना वरची सारी मापे बाजूला ठेवावी लागतात. हम्फ्री यांनी १९५० मध्ये त्या दुधाच्या दाढांसाठी सुचवल्या. त्या मापांच्या संचातून निवडल्या जातात, एका विशिष्ट मुलाच्या दाढेसाठी घडवलेल्या नसतात, आणि त्यांच्या कडा चिमट्याने आत वळवून दाढेच्या फुगीर भागाखाली अडकवल्या जातात. मायक्रॉनने मोजले तर ही बसणी ओतीव कॅपच्या जवळपासही येत नाही. तरीही काही वर्षांत पडणाऱ्या दाढेसाठी ती उत्तम काम देते, कारण संपूर्ण दाढ झाकली जाते आणि सिमेंट बाकीचे अंतर भरून काढते. स्कॉटलंडमधील दंतवैद्य नॉर्ना हॉल यांच्या पद्धतीत तर कीड न काढता, भूल न देता, दाढ न तासता कॅप सिमेंटने बसवली जाते आणि कीड आतच बंद होऊन तिचे पोषण थांबते. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ही पद्धत नेहमीच्या फिलिंगपेक्षा सरस ठरली. बसवल्यावर मुलाचा चावा काही काळ उंच लागतो आणि काही आठवड्यांत जुळतो. पालकांना हे आधी सांगितलेले असावे. मोठ्या माणसाच्या कायमच्या दाढेवर मात्र असा उंच चावा कोणी स्वीकारू नये, आणि तयार स्टीलची कॅपही तिथे तात्पुरत्या सोयीपलीकडे जाऊ नये.

धातूच्या कॅपच्या उणिवा बसणीशी निगडित आहेत तेवढ्याच नोंदवतो. रंगाचा प्रश्न सर्वांना ठाऊक आहे. नस जिवंत असलेल्या दाढेवर धातू थंड-गरम लवकर पोहोचवतो, त्यामुळे सुरुवातीला झिणझिण्या येतात. त्या बहुधा ओसरतात, पण कडेला फट असेल तर टिकून राहतात, म्हणून रेंगाळणारी झिणझिणी हे कड पुन्हा तपासण्याचे कारण समजावे. सर्वांत मोठी उणीव अशी की धातू एक्स-रेला आरपार जाऊ देत नाही. दोन दातांमधली बाहेर आलेली किंवा उघडी कड एक्स-रेमध्ये ओळखता येते, धातूच्या आत दडलेली कीड मात्र दिसत नाही. त्यामुळे कॅप बसवल्यानंतरची देखरेख कडेवरूनच करावी लागते: हिरडीतून रक्त येते का, फ्लॉस एकाच जागी फाटतो का, त्या दाढेभोवती अन्न अडकू लागले आहे का, वास किंवा चव बदलली आहे का. कॅप बोटाने दाबल्यावर कडेतून लाळेचे बारीक बुडबुडे येत असतील तर सिमेंट सुटलेले आहे असे समजावे, आणि ती निखळेपर्यंत वाट पाहू नये. अशी कॅप काढल्यावर आतला दात स्वच्छ करून नीट तपासल्याशिवाय, आणि कड पूर्वीइतकी जुळते आहे हे पुन्हा पाहिल्याशिवाय, तीच कॅप नव्या सिमेंटने चिकटवून घेण्यास रुग्णाने संमती देऊ नये.